सिस्टर संशोधन करते तेव्हा



दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या विषयनिवडीसाठी पालक शाळेत येतात. मुलीने बायो ग्रुप घ्यायचे ठरवले असेल तर आई-वडील आधी डॉक्टर म्हणतात. ते न जमल्यास दाताचा डॉक्टर, मग फिजिओथेरपी, फार्मसी अशी यादी उतरत्या क्रमाने सांगतात. नर्सिंगचे नाव या यादीत सर्वांत खाली असते, पुष्कळदा नसतेच. एखाद्या मुलीने स्वतःहून ते नाव घेतलेच तर "त्यासाठी एवढं शिकवलं का तुला?" हा प्रश्न माझ्यासमोरच विचारला जातो. आपल्या समाजात दवाखान्यातल्या सिस्टरचे उपकार सगळे मानतात, पण स्वतःच्या मुलीने सिस्टर व्हावे असे फार थोड्यांना वाटते. म्हणून या अंकात एका अशा कामाची माहिती देत आहे ज्याचे नाव ऐकूनच अनेकांना आश्चर्य वाटेल. ते काम म्हणजे परिचारिका-संशोधक, इंग्रजीत ज्याला नर्स सायंटिस्ट म्हणतात. मधुमेहासारख्या आजारांवर या परिचारिका काय शोधतात, आणि त्यासाठी त्यांना कसे तयार केले जाते, ते पाहू.

आधी एका शब्दाचा अर्थ समजून घेऊ. मी हिंदी माध्यमातून विज्ञान शिकले. तेथे आम्हाला 'उपापचय' हा शब्द होता. मराठीत त्यालाच चयापचय म्हणतात, आणि मला मराठी शब्द अधिक बोलका वाटतो. चय म्हणजे जमा होणे, अपचय म्हणजे घटणे. खाल्लेल्या अन्नातून शरीर ऊर्जा कशी काढते, किती खर्च करते आणि उरलेली कोठे साठवते, हा सारा जमाखर्च म्हणजे चयापचय. हा जमाखर्च बिघडला की मधुमेह, लठ्ठपणा, रक्तात चरबी वाढणे, यकृतात चरबी साठणे असे विकार होतात. डॉक्टर पाच गोष्टी पाहतात : कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि ज्याला आपण चांगले कोलेस्टेरॉल म्हणतो ते. पाचांपैकी तीन बिघडलेल्या असल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम हे नाव मिळते. हे विकार टायफॉइडसारखे औषधाचा कोर्स संपला की जात नाहीत. ते वर्षानुवर्षे सांभाळावे लागतात, म्हणून त्यांना जुनाट म्हणायचे.

आपल्या देशात हे प्रमाण किती आहे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वांत जास्त प्रमाण आपल्या गोव्यात निघाले, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून जास्त.

आता एक छोटे गणित करा. मधुमेहाचा रुग्ण वर्षातून चार वेळा डॉक्टरांकडे जातो आणि दर वेळी दहा मिनिटे बसतो असे धरा. झाली चाळीस मिनिटे. वर्षात ८,७६० तास असतात. एक तास डॉक्टरांचा धरला तरी उरलेले ८,७५९ तास रुग्ण आणि त्याच्या घरचे लोकच तो आजार सांभाळत असतात. गोळी वेळेवर घेतली का, लग्नाच्या पंगतीत जिलबी किती वाढून घेतली, पायाला झालेली जखम कोणी पाहिली, इन्सुलिनची बाटली उन्हाळ्यात कोठे ठेवली, हे सारे त्या तासांत घडते. डॉक्टरांच्या प्रयोगशाळेतून औषध मिळते. पण ते औषध घरी गेल्यावर त्याचे काय होते, हे ज्याने त्या घरातल्या माणसांशी बसून बोलणे केले आहे त्यालाच कळते. दवाखान्यात ते बोलणे बहुतेक वेळा सिस्टर करत असते.

तिला प्रश्न पडतात. "या आजी चार्ट घेऊन जातात आणि साखर तशीच घेऊन परत येतात, असे का?" साधी नर्स हा प्रश्न मनात ठेवते किंवा दुसऱ्या सिस्टरला सांगते. संशोधक नर्स तोच प्रश्न मोजता येईल अशा रीतीने मांडते, दोन गट करते, वर्षभर मोजमाप करते आणि उत्तर छापून जगापुढे ठेवते. फरक एवढाच आहे, पण तो पार करायला साधारण दहा वर्षांचे शिक्षण लागते.

ही कल्पना आजची नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा धडा आपण सर्वांनी वाचला आहे, त्यात तिच्या हातात दिवा असतो. तिच्या दुसऱ्या हातात आकडेवारीची वही होती हे मात्र पाठ्यपुस्तकात क्वचितच असते. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा साथीच्या रोगांनी जास्त मेले, हे तिने रंगीत वर्तुळाकार आलेख काढून १८५८ साली सरकारच्या गळी उतरवले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेची ती पहिली महिला सदस्य होती. तरीही त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे नर्सिंगमध्ये संशोधन फारसे झाले नाही. अमेरिकेत 'नर्सिंग रिसर्च' हे नियतकालिक १९५२ साली सुरू झाले. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नर्सिंग संशोधनाचे केंद्र १९८६ साली उघडले आणि १९९३ साली त्याला स्वतंत्र संस्थेचा दर्जा मिळाला.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते याचे मला सर्वांत आवडलेले उदाहरण टेक्सास राज्यातले आहे. रिओ ग्रँड नदीच्या काठी स्टार काउंटी नावाचा जिल्हा आहे. नदीच्या पलीकडे मेक्सिको. राहणारे जवळजवळ सगळे मेक्सिकन वंशाचे, घरात स्पॅनिश बोलणारे, आणि बरेचसे गरीब. मधुमेहाचे प्रमाण फार. या लोकांना इंग्रजीतली पत्रके मिळत. त्यांत जे पदार्थ खा म्हटले होते ते त्यांच्या घरी शिजत नसत, आणि जे रोज शिजत त्यांचे नावही पत्रकात नसे. सीमेवर राहून दोन भाषांत जगणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना, विशेषतः बेळगावकडच्या, समजावून सांगायला नको. आपण इंदूरकरही घरात मराठी, शाळेत हिंदी आणि औषधाच्या चिठ्ठीवर इंग्रजी असे तीन घरांत राहतो.

टेक्सास विद्यापीठातील परिचारिका-संशोधक शॅरन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाचे २५६ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला वर्षभरात मिळून ५२ तास शिक्षण आणि आधार मिळाला. पहिले तीन महिने दर आठवड्याला वर्ग : काय खावे, रक्तातील साखर घरी कशी तपासावी, व्यायाम कसा करावा. त्यापुढे सहा महिने दर पंधरवड्याला गटाची बैठक, जिच्यात रुग्ण एकमेकांच्या अडचणी सोडवत. शिकवणाऱ्या परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि कार्यकर्त्या स्वतः मेक्सिकन वंशाच्या, दोन्ही भाषा बोलणाऱ्या. प्रत्येक रुग्णाने घरातले एक माणूस बरोबर आणायचे. ही अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण ज्याला पथ्य पाळायचे तो एक असतो आणि स्वयंपाक करणारी दुसरी असते. दुसऱ्या गटाला हे शिक्षण वर्षभर थांबून मिळणार होते, म्हणजे तोपर्यंत तुलना करता येईल आणि कोणी वंचितही राहणार नाही.

निकाल मोजायला त्यांनी एचबीए१सी ही तपासणी वापरली. ज्या घरात मधुमेह आहे तेथे हे नाव माहीत असेलच. रक्तातील लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या काळात त्यांच्यावर साखर चिकटत राहते. ती किती चिकटली हे पाहिले की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ पेक्षा कमी म्हणजे ठीक, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड सोडून ही तपासणी फसवता येत नाही. सहा महिन्यांनी पाहता शिक्षण मिळालेल्या गटाची सरासरी दुसऱ्या गटापेक्षा १.४ ने कमी होती. एखाद्या चांगल्या गोळीने जेवढा फरक पडावा तेवढा हा फरक आहे. मात्र अहवालात त्यांनी हेही स्पष्ट लिहिले की इतके होऊनही त्या गटाची सरासरी १० च्या वरच राहिली. म्हणजे सुधारणा खरी, पण आजार अजून आटोक्याबाहेर. जाहिरात करणाऱ्याने हे दुसरे वाक्य गाळले असते.

त्यानंतर त्यांनी जो प्रश्न घेतला तो केवळ नर्सलाच सुचावा असा आहे. औषधाचा डोस असतो, तसा शिकवण्याचाही डोस असतो का? ५२ तास शिकवायला मनुष्यबळ लागते, पैसा लागतो. २२ तासांत भागेल का? २१६ रुग्णांवर दोन्ही करून पाहिले आणि २००५ साली निष्कर्ष छापले. दोन्ही प्रकारांत साखर उतरली. ज्यांनी निम्म्याहून अधिक वर्गांना हजेरी लावली त्यांचे पाहिले तर लांब कार्यक्रमात १.७ आणि छोट्यात १.० एवढी घट होती. हजेरीचे महत्त्व मी सांगितले तर विद्यार्थ्यांना ती प्राचार्यांची सवय वाटते, म्हणून येथे आकडा देऊन ठेवते.

आता कोणी विचारेल, हे सगळे मेक्सिकन लोकांवरच का करायचे? मधुमेह तर सर्वत्र सारखाच. येथेच 'विविध जनसमूह' हा शब्द येतो. या विषयाचा गाभा मला तेथे दिसतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते.

अमेरिकेत २००२ साली एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक २७ केंद्रांत घेतले होते. ज्यांना वजन सात टक्के घटवायला आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालायला लावले त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. जगभर हा आकडा गाजला. आपल्याकडे चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी तशीच कल्पना ५३१ भारतीयांवर तपासून २००६ साली निष्कर्ष दिले. फायदा येथेही झाला, पण २८.५ टक्के. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढची. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला होता अशा भारतीयांपैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, आणि अमेरिकेतील प्रयोगात तोच आकडा सुमारे २९ होता. अमेरिकेचा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या भिंतीवर लावला असता तर आपल्याला किती घाई करायला हवी ते कधी कळलेच नसते.

याचे एक कारण पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. दोघांच्या उंची-वजनाचे गुणोत्तर अगदी सारखे, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण यंत्राने शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांचा हा फोटो आणि आकडे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तेथील बाळांचे जन्माचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे स्नायूंनी बारीक, पण चरबीच्या बाबतीत त्या मानाने कमी नव्हती. म्हणूनच भारतीयांसाठी वजनाची धोक्याची रेघ २५ वरून २३ वर आणली गेली, आणि कमरेची रेघ पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. "आमचा बंड्या तर काडीसारखा आहे, त्याला कशाला शुगर होतेय" असे म्हणणाऱ्या आजोबांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. हे काम डॉक्टरांचे आहे, नर्सचे नव्हे. पण एका समाजाचा माप-पट्टा दुसऱ्याला लावता येत नाही हे त्याहून स्पष्ट मला कोठे दिसले नाही.

याचा अर्थ सगळे रक्तातच लिहिलेले असते असाही नाही. ॲरिझोनातील पिमा या आदिवासी समाजाचा अभ्यास १९६५ पासून झाला. जगातील सर्वाधिक मधुमेह असलेल्या समाजांत त्यांची गणना होते. त्यांचेच जवळचे भाऊबंद मेक्सिकोच्या डोंगरात शेती करून राहतात. २००६ साली दोघांची तुलना प्रसिद्ध झाली : अमेरिकेतील पिमांमध्ये ३८ टक्के, मेक्सिकोतील पिमांमध्ये ६.९ टक्के. वंश एक, राहणी वेगळी. तेव्हा विविध समाजांत संशोधन करायचे म्हणजे जातीवार शिक्के मारायचे असे कोणी समजू नये. खाणे, काम, पैसा, भाषा, दवाखाना किती लांब, यांतले काय कोठे अडते ते शोधायचे.

आपल्या परिसरातले उदाहरण घ्या. वर सांगितलेल्या एचबीए१सी तपासणीला लाल पेशी धडधाकट असाव्या लागतात. सिकलसेल आजारात पेशी लवकर मरतात, त्यामुळे साखर चिकटायला वेळच कमी मिळतो आणि आकडा खोटाच कमी येतो. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तो उलट वाढून दिसू शकतो. २०१७ साली अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून दिसले की ज्यांच्यात सिकलसेलचा नुसता एक जनुक आहे, आजार नाही, त्यांचाही आकडा प्रत्यक्ष साखरेच्या मानाने कमी येतो. आपल्या झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडच्या आदिवासी बांधवांत सिकलसेल आढळतो. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोलहून सुरू झाले. तिकडून माणूस इंदूरला तपासणीला येतो, भिली किंवा निमाडी बोलतो, कागदावर ५.९ येते आणि तो निश्चिंत होऊन परत जातो. अशा रुग्णाला दुसरी तपासणी लागेल हे ज्या सिस्टरला माहीत आहे, आणि त्याच्या बोलीत जिला दोन वाक्ये बोलता येतात, ती सिस्टर किती मोलाची आहे याचा विचार करा. असा अभ्यास करायला एखादी निमाडी बोलणारी परिचारिकाच पुढे आली, तर तिला पडणारे प्रश्न दिल्लीत बसून कोणाला सुचणार नाहीत.

अशी माणसे तयार कशी करतात? अमेरिकेची पद्धत सांगते, कारण तिची घडी नीट बसलेली आहे. चार वर्षांची पदवी, मग थेट किंवा काही वर्षांच्या नोकरीनंतर पीएच.डी. राष्ट्रीय आरोग्य संस्था एखाद्या विद्यापीठाला प्रशिक्षणासाठी एकगठ्ठा अनुदान देते. विद्यापीठ त्यातून उमेदवार निवडते, त्यांना विद्यावेतन देते. पीएच.डी.पूर्वी जास्तीत जास्त पाच आणि नंतर तीन वर्षे हे मिळू शकते. उमेदवाराला एक अनुभवी मार्गदर्शक मिळतो, आणि खरे शिक्षण त्याच्याच हाताखाली होते. संख्याशास्त्र शिकायचे. नमुना निवडताना फक्त दवाखान्यात येणारेच लोक मोजले तर जे येऊच शकत नाहीत ते सुटतात, हे ओळखायला शिकायचे. रुग्णाची संमती घेताना त्याला त्याच्या भाषेत नीट समजले आहे का हे पाहायचे, नुसता अंगठा घ्यायचा नाही. प्रश्नावली एका भाषेतून दुसरीत नेली की ती तिसऱ्या माणसाकडून परत मूळ भाषेत उतरवून घ्यायची आणि अर्थ तोच राहिला का ते ताडायचे. (आमच्या मराठीच्या शिक्षिका अनुवादाच्या तासाला हेच करून घेतात, पण त्यांना कोणी अनुदान देत नाही.) जनुकशास्त्रही शिकावे लागते. नर्सिंग संशोधन संस्थेने २००० साली खास परिचारिकांसाठी उन्हाळी जनुकशास्त्र वर्ग सुरू केला होता, त्यात त्यांना प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काम करायला मिळे.

पीएच.डी. झाली म्हणजे संपले असे नाही. खरी कसोटी त्यानंतरच्या काही वर्षांची असते. नवी प्राध्यापिका झालेल्या परिचारिकेवर शिकवण्याचा बोजा पडतो, वॉर्डातली ड्यूटी असते, घर असते, आणि संशोधन मागे पडते. म्हणून काही अनुदाने अशी आहेत की ती घेणाऱ्याने आपला तीन-चतुर्थांश वेळ संशोधनालाच दिला पाहिजे आणि संस्थेने तो देऊ केला पाहिजे. पदवी पूर्ण झाल्यापासून दहा वर्षांपर्यंतचा, मोठे अनुदान अजून न मिळालेला संशोधक तेथे 'सुरुवातीच्या टप्प्यातला' मानला जातो आणि त्याच्या अर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. मला ही व्यवस्था फार योग्य वाटते. आपल्याकडे नव्या माणसाला आपण सर्वांत जास्त तास देतो आणि मग म्हणतो, याने काही नवीन केले नाही.

तेथेही सर्व काही सुरळीत आहे असे समजू नका. २०२५ साली अमेरिकेच्या सरकारने मांडलेल्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात ही नर्सिंग संशोधन संस्थाच बंद करण्याची सूचना होती. पैसा मंजूर करण्याचा अधिकार तेथील संसदेचा असतो, त्यामुळे प्रस्ताव म्हणजे निर्णय नव्हे. पण चाळीस वर्षे जुन्या संस्थेवरही अशी वेळ येते. आणखी एक गोष्ट परदेशी जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्यांसाठी : वर सांगितलेली प्रशिक्षणाची विद्यावेतने फक्त अमेरिकेच्या नागरिकांना किंवा तेथे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना मिळतात. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलीला ती मिळत नाहीत. तिला विद्यापीठाच्या इतर साहाय्यावर अवलंबून राहावे लागते. एजंट हे सांगत नाहीत.

या संशोधनाचा शाळेशी काय संबंध, असे विश्वस्त मंडळींना वाटू शकते. फार जवळचा आहे. लहान वयात होणारा टाइप १ मधुमेह हा खाण्याच्या सवयींमुळे होत नाही. त्या मुलाला रोज इन्सुलिन घ्यावेच लागते. येल विद्यापीठातील परिचारिका-संशोधक मार्गारेट ग्रे यांनी १२ ते २० वर्षांच्या ७७ मुला-मुलींवर अभ्यास करून २००० साली निष्कर्ष दिले. इन्सुलिन सर्वांनाच व्यवस्थित मिळत होते. त्यांपैकी काहींना त्याखेरीज छोट्या गटांत बसवून प्रसंग करून दाखवायला लावले : मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक समोर आला, काय म्हणशील? वर्गात सुई घ्यायची वेळ झाली आणि मुले बघतात, काय करशील? एका वर्षानंतर या मुलांची साखर इतरांपेक्षा चांगली होती आणि त्यांचे रोजचे जगणेही अधिक सुखाचे झाले होते. औषध तेच, शिकवले ते फक्त बोलायला. शिक्षकांना हे वाचून आपल्या वर्गातले कोणते मूल आठवते ते त्यांनी पाहावे. केंद्रीय बोर्डाने २०१७ पासून टाइप १ असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या खोलीत साखरेच्या गोळ्या, फळ, थोडे खाणे आणि पाण्याची बाटली नेण्याची परवानगी दिली आहे. घटक चाचणीत तीच सवलत द्यायला कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि आमच्या शाळेत ती दिली जाते. पालकांनी फक्त डॉक्टरांचे पत्र कार्यालयात द्यावे. आजार लपवू नये.

भारतात नर्सिंगची पदवी १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली, आणि दिल्लीत १९५९ पासून पदव्युत्तर शिक्षणाची सोय झाली. पुढे पीएच.डी.ही आली. २०२३ साली संसदेने नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा केला. तरी आपल्याकडे पीएच.डी. झालेली परिचारिका बहुधा कॉलेजात शिकवते आणि दवाखान्यातली परिचारिका बहुधा संशोधन करत नाही. या दोघींच्या मधली जागा रिकामी आहे. म्हणून ज्या मुला-मुलींना या वाटेने जायचे आहे, आणि मुले हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे, त्यांनी येथे गर्दी नाही हे लक्षात घ्यावे.

बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. सर्वसाधारण वर्गाला ४५ टक्के गुणांची अट असते. प्रवेश परीक्षेचे नियम राज्याप्रमाणे बदलतात, ते त्या वर्षीचे पाहावेत. अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यानंतर निदान एक वर्ष काम, मग दोन वर्षांचे एम.एस्सी., मग पीएच.डी. संस्था निवडताना तिला स्वतःचे किंवा जोडलेले रुग्णालय आहे का, तेथे खाटा किती आणि रुग्ण खरोखर येतात का, हे जाऊन पाहावे. फक्त इमारत पाहून फी भरू नये.

बायो ग्रुपच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. गणित सुटले म्हणून अकरावीच्या पहिल्या दिवशी जो आनंद व्यक्त होतो तो मी दरवर्षी पाहते. बी.एस्सी. नर्सिंगमध्ये संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय आहे. सरासरी आणि संभाव्यता ही प्रकरणे दहावीच्या पुस्तकात आहेत. ते पुस्तक रद्दीत देऊ नका.